गाठीचा कान

पोरीला हवेत लटकलेलं अख्तरीने एकदाही पाहिलं नव्हतं. फरहा कापडाला हात घालून वर चढायला लागली की अख्तरी भिंतीकडे तोंड करी आणि काहीतरी काम काढी. तांदूळ निवडी, झालरीचे उसवलेले तुकडे शिवी, काहीच हाताशी नसलं तर तसबीचे मणी ओढत बसे. पण गोदाम सोडून जात मात्र नसे. फरहाला वाटे, अम्मीला लाज वाटते. लग्नाच्या वयाची पोर डोकं खाली, पाय वर करून वटवाघळासारखी लोंबते, हे कोणत्या आईला बघवेल? आणि लाज वाटते तर मग ती निघून का जात नाही, हा प्रश्न फरहाला कधी पडला नाही. जे आपल्या सोयीचं असतं, त्याला माणूस फार प्रश्न विचारत नाही.

फरहाचा बाप रफीकभाई ब्रह्मपुरीतला मंडप डेकोरेशनवाला. दुकान लहान, पण मागचं टिनाचं गोदाम ऐसपैस. बांबू, पाइप, गाद्या, खुर्च्यांच्या थप्प्या आणि कापडच कापड. अर्ध्या झाडीपट्टीची लग्नं त्या कापडाखाली लागली होती. लग्नाचा सीझन संपला की गोदामात उंदीर आणि फरहा, दोघांचंच राज्य असे.

सुरुवात फोनवरून झाली. कॉलेजात असताना तिने एक व्हिडिओ पाहिला. उंच छताला टांगलेले कापडाचे दोन लांब पट्टे आणि त्यांत गुंडाळलेली एक परदेशी बाई. बाईने एकदम अंग सोडून दिलं, गिरक्या घेत खाली आली आणि डोकं जमिनीला टेकणार तोच थांबली. कापडाने तिला धरून ठेवलं होतं. फरहाने तो तुकडा फोन तापेपर्यंत पाहिला. आपल्या घरी कापडाला काय तोटा, असं तिच्या मनात आलं आणि सगळं तिथेच ठरलं.

शिकायचं कुठे, एवढाच प्रश्न होता. क्लास सगळे मोठ्या शहरांत, आणि पोरीला तिकडे पाठवायला रफीकभाई तयार नव्हता. मग फोनलाच गुरू केलं. नवशिक्यांसाठी फुकटचे धडे पुष्कळ निघाले. पायाला कापडाचा वेढा कसा घ्यायचा हे चित्रं काढून दाखवणारी पुस्तकं होती, एकेक प्रकार अगदी हळू करून दाखवणारे व्हिडिओ होते, सुरुवातीला हात का सुजतात यावर रवंथ करणाऱ्या बायाही होत्या. तिला आवडलेली बाई मात्र प्रत्येक धड्याच्या आधी लांबलचक बोले. छताकडे बोट दाखवी, लोखंडी कड्या हातात घेऊन वाजवून दाखवी, मान हलवून हलवून काहीतरी बजावी. सगळं इंग्रजीत, फाडफाड. नमनालाच घडाभर तेल, असं म्हणून फरहा तो भाग बोटाने पुढे सरकवी आणि थेट नाचावर येई.

आणि ती शिकली, हे मान्य करायलाच हवं. गुडघ्यामागची कातडी सोलली, बगलेत वळ उठले, तळहात बापाच्या मजुरांसारखे राठ झाले, पण शिकली. गोदामाच्या लोखंडी तुळईला दोरी, दोरीला मंडपाच्या छताचं केशरी कापड, खाली गाद्यांचा ढीग. जमायला लागलं तसे तिने स्वतःच धडे करायला घेतले, आपल्या बोलीत. आरमोरी, वडसा, सिंदेवाहीच्या पोरी ते पाहू लागल्या. पहिला धडा होता कापड बांधायचं कसं याचा. त्यात शिडीवर उभी राहून फरहा हसत हसत सांगते, "लोखंडाच्या कड्या-बिड्या हे शहरातल्या लोकायचे चोचले. आपल्या घरी दोरी हाये ना? मंग बस झालं." ती गाठ मारते, कापडाला दोन्ही हातांनी लोंबकळून दाखवते, आणि तिच्या प्रत्येक धड्याच्या शेवटी जे वाक्य असे ते म्हणते, "भेऊ नका पोरीहो, मी हाओ ना."

गाठ होती मंडपवाल्यांची. या धंद्याचा एक दंडक आहे. गाठ अशी मारायची की मंडप उतरवताना एका झटक्यात सुटली पाहिजे. आज इथलं लग्न, उद्या भलत्याच गावचं, निरगाठी सोडवत बसायला वेळ कोणाला आहे? म्हणून झालर, पडदे, छत, सगळं सुरगाठीवर. दोरी दुमडून तिचा कान बाहेर लोंबत ठेवायचा, शेपूट ओढलं की गाठ मोकळी. फरहा फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून झालरी बांधत आली होती. तिच्या बोटांना दुसरी गाठ ठाऊकच नव्हती. पंखे, झुंबरं अशा जड वस्तू बाप्ये लोक टांगत, आणि त्या वेळी पोरींना तिथे उभं राहू देत नसत. वरून काही पडलं तर कोणाच्या डोक्यात नको, म्हणून.

दिवाळी झाली आणि गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या. रफीकभाई सामान भरून वडशाकडे गेला होता. केशरी कापड मळून काळं पडलं होतं. एरवी ते उतरवून धुण्याचं काम अख्तरी करी, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. त्या सकाळी ती बाजारात गेलेली पाहून फरहाने शिडी लावली. म्हटलं, आईचं एक काम हलकं करावं.

वर जाऊन तिने दोरीचं शेपूट ओढलं. गाठ हलली नाही. पुन्हा ओढलं, अंगाचा भार टाकून ओढलं, तरी नाही. मग तिने तोंड जवळ नेऊन पाहिलं. शेपूट कानातून आरपार घातलेलं होतं, त्यावर आणखी वेढे मारलेले होते, आणि त्या वेढ्यांवर जाड लाल दोऱ्याने टाके घातलेले होते. गादीला घालतात तसले टाके. असे टाके त्या घरात एकच माणूस घालत असे.

अख्तरी पिशवी घेऊन आत आली आणि पोरीला शिडीवर पाहून दारातच थबकली.

"अम्मी, हे तू केलं?"

"आधी खाली ये."

"तू केलं का, सांग ना."

"मंग कोण करन?" अख्तरी म्हणाली. "तू बांधून चहाले गेली का मी चढते वर. तुह्या गाठीचा कान उघडाच असते बेटा. त्याच्यात शेपूट घालते, टाके मारते. दरवेळेस."

"आणि नसतं केलं तं?"

अख्तरी खाली बसली. पिशवीतली वांगी एकेक करून टोपलीत ठेवत राहिली.

फरहाने शिडी घट्ट धरली. इतकी वर्षं ती ज्या गाठीच्या भरवशावर अंग सोडून देत होती, ती तिची गाठ नव्हतीच. तिची गाठ फक्त व्हिडिओत होती. खाली उतरून तिने पहिला धडा लावला. ती हसत होती, बोलत होती, आणि तिच्या डोक्यावर दोरीचा कान उघडा लोंबत होता. तिने व्हिडिओ थांबवला. त्या धड्यावरून कोणी कुठे काय बांधलं असेल, याचा तिने आजवर विचारच केला नव्हता.

विचार करायला फार वेळही मिळाला नाही. फोनमध्ये बुधरीचा निरोप पडून होता, आदल्या संध्याकाळचा. मुलचेऱ्याच्या पलीकडे जंगलात जांभूळटोला म्हणून वस्ती आहे, तिथली ही पोर. दोघींची भेट कधी झाली नव्हती. वस्तीवर नेटवर्क नाही, म्हणून तालुक्याच्या बाजाराला आली की बुधरी धडे उतरवून घेई आणि आपले फोटो पाठवी. या वेळच्या फोटोत चिंचेचं झाड होतं, एक जाड फांदी, फांदीला निळी नायलॉनची दोरी आणि दोरीला दोन लांबलचक लुगडी. खाली लिहिलं होतं, 'ताई उद्या आमच्या गावची मंडई हाये. दुपार कलली का माझा नाच. शेवटी तुमची फेकी करून दाखवते. आशीर्वाद द्या.'

उद्या म्हणजे आज. फरहाने फोटो मोठा केला. निळ्या दोरीचा कान फांदीखाली लोंबत होता, अगदी तिने शिकवला होता तसा.

फेकी हे तिनेच ठेवलेलं नाव. अंग सोडून देऊन गिरक्या घेत खाली यायचं आणि कापडाने झेलायचं, तो प्रकार. सुरगाठ शांत वजन धरते, कधी कधी दिवसभर धरते. पण हिसका बसला की ती धरेलच असं नाही, आणि नायलॉनवर तर मुळीच नाही. मंडपाची सुती दोरी स्वतःलाच चावून बसते. नायलॉन घसरते.

बुधरीचा फोन लागेना. रफीकभाईचा लागला. त्याने मुलचेऱ्यातल्या एका डेकोरेशनवाल्याचा नंबर दिला, तर तो बिचारा सामान घेऊन अहेरीला गेलेला. त्या वस्तीवर निरोप धाडावा तर ओळखीचं कुत्रंही नव्हतं. फरहाने पहिला धडा काढून टाकला. तेवढ्याने छातीवरचं ओझं जरा हललं, आणि तिने ओढणी उचलली.

"मी पण येते," अख्तरी म्हणाली.

"तू येऊन काय करशीन?"

"येते म्हणलं ना."

गडचिरोलीपर्यंत बस मिळाली, पुढे चामोर्शीपर्यंत दुसरी. दोन्ही गाड्या प्रत्येक झाडाशी थांबत होत्या, निदान फरहाला तसं वाटत होतं. म्हातारे सावकाश चढत, सावकाश उतरत, कंडक्टर त्यांना घरच्यांची खुशाली विचारी. ती दर थांब्याला बुधरीचा नंबर फिरवी आणि तीच बाई तेच सांगे, नेटवर्कच्या बाहेर. अख्तरी खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती.

चामोर्शीहून जीप मिळाली. बंगाली लोकांची गावं लागली, घरामागे तळी, तळ्यांवर जाळी वाळत घातलेली. मग जंगल सुरू झालं आणि जीपमधलं बोलणं आपोआप कमी झालं.

"त्या पोरीले माय हाये?" अख्तरीने मध्येच विचारलं.

"माहीत नाई. बाप हाये. लच्छू नाव हाये त्याचं."

अख्तरी समोरच्या सीटकडे पाहत म्हणाली, "अंजुम कशावरून पडला माहीत हाये तुले?"

अंजुम म्हणजे फरहाचा मामा. माजरीच्या कोळसाखाणीच्या क्वार्टरमध्ये तो खाटेवर पडून असे. कमरेखाली जीव नव्हता. फरहाने त्याला कधी उभा पाहिला नव्हता. लहानपणी पडला, एवढंच घरात सांगत.

"झुल्यावरून," अख्तरी म्हणाली. "ईदचा झुला होता. एका मंडपवाल्याच्या पोट्ट्यानं बांधून देल्ला, झालर बांधते तशी गाठ मारून. लहान पोरं झुलले, काई नाई झालं. मोठ्या पोरी झुलल्या, काई नाई झालं. मंग अंजुम बसला. मी झोका देऊन राह्यली होती. तो म्हणे, आपा, अजून जोरात."

फरहा तिच्याकडे वळली.

"मले काऊन नाई सांगतलं कधी?"

"सांगतलं असतं तं तू भेली असती. भेलेला माणूस वर गेला का पडतेच. म्हणून म्हणलं, भीती माह्यापाशी राहू दे. गाठ मी पाहून घेते म्हणलं मनात, अन् पाहून घेत होती. तुले लटकलेलं पाहणं मात्र मले नाई जमलं."

फरहाला रडू आलं आणि राग पण आला, आणि दोन्हींतलं कोणतं आधी हे तिला कळेना. आईने भीती स्वतःजवळ ठेवून पोरीला बेडर केलं होतं, आणि पोरीने तो बेडरपणा जिल्हाभर फुकट वाटला होता. गाठीवरचे टाके तेवढे गोदामातच राहिले होते.

वस्तीच्या अलीकडे नाला होता. जीपवाला म्हणाला, पुढे गाडी जात नाही, पायी जा. दोघी उतरल्या तेव्हा ऊन कललं होतं. नाल्याच्या पलीकडून लाउडस्पीकरचा आवाज झाडांमधून येत होता. आधी गाणं, मग एका माणसाचा आवाज, "आता पाहा मंडळी, आपल्या गावची लेक, उडती पोरगी, बुधरी!" आणि मग शिट्ट्या.

फरहा पाण्यातून पळाली. मागे अख्तरी चपला हातात घेऊन येत होती, कधी दगडावरून घसरत, कधी उठत. फरहाने वळून पाहिलं नाही.

मंडई चांगली भरली होती. भज्यांचा धूर, बांगड्यांची दुकानं, पाळणा, रेकॉर्डवर वाजणारं गाणं. मैदानाच्या कडेला चिंच आणि चिंचेखाली साऱ्या गावाचं कडं. फरहा त्या कड्यात घुसली तशी कोणीतरी ओळखलं. "अवो, हे तं व्हिडिओवाली ताई!" लोकांनी वाट करून दिली. एकाने खुर्ची आणली. एक बाई पाणी घेऊन आली. डोक्याला नवं फडकं बांधलेला वाळका माणूस दोन्ही हात जोडून पुढे झाला.

"जय सेवा ताई. मी लच्छू, बुधरीचा बाप. तुमी इतक्या दुरून आल्या! पोरगी पाहीन तं पागल होईन."

फरहा वर पाहत होती. बुधरी चढली होती, आणि खूप वर चढली होती. गोदामाची तुळई त्या फांदीच्या निम्म्यावरही नसती. लाल लुगड्याचा वेढा कमरेला, एक मांडीला, हात पसरलेले, डोळे मिटलेले. सुंदर दिसत होती. फरहाने शिकवलेलं तसूभरही चुकलं नव्हतं. खाली तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, पातळसा थर होता. 'खाली मऊ काहीतरी असू द्या,' असं धड्यात सांगितलं होतं ना, म्हणून. गाण्याच्या ठेक्यावर पोर झोका घेत होती आणि प्रत्येक झोक्याला फांदीखालचा निळा कान किंचित आखूड होत होता.

"गाठ मीच बांधली," लच्छू अभिमानाने सांगत होता. "आधी मीनं माह्या हिशोबानं बांधली होती. रानात मचाण बांधतो ना आमी, तशी. पण पोरगी म्हणे, बाबा, ताईची गाठ अशी नाई. मंग ते सोडली अन् तुमच्या व्हिडिओत पाहून पाहून तुमची बांधली. बरोबर हाये ना ताई?"

फरहा माईकवाल्या निवेदकाकडे सरकली. ओरडावं तर पोर दचकेल आणि वेढा सुटेल. न ओरडावं तर गाणं संपत आलं होतं, आणि गाणं संपलं की फेकी. बुधरीने डोळे उघडले. मांडीवरचा वेढा ती हाताने चाचपू लागली. फेकीच्या आधी चाचपायचं, हेही धड्यातच होतं.

फरहाने निवेदकाच्या हातून माईक ओढून घेतला आणि गाणं बंद करायची खूण केली. तिने गालांना हसवलं आणि व्हिडिओतला आवाज बाहेर काढला.

"बुधरी, मी फरहाताई. खाली पाहू नको, आयक फक्त. आज फेकी नाई करायची."

वर लटकलेली पोर हसली. तिला आवाज कळला होता. इतके दिवस फोनमध्ये राहणारा आवाज आपल्या गावच्या चिंचेखाली आलेला होता. तिचा हात वेढ्यावरून बाजूला झाला.

"आज उतरायचा धडा. कापड धर, मंग मांडीचा अन् कमरेचा वेढा काढ. हळू. झोका थांबू दे आधी. हां. आता एक हात खाली, मंग दुसरा. हिसका नको देऊ. भेऊ नको, मी हाओ ना."

बुधरी उतरू लागली. सांगितल्या शब्दाला एक हात, पुढच्या शब्दाला दुसरा. कान तळहाताएवढा होता, तो दोन बोटांवर आला. गाव गप्प झालं होतं, का ते त्यांना माहीत नव्हतं, पण ताईचा चेहरा सगळ्यांना दिसत होता. अख्तरी येऊन शेजारी उभी राहिली, गुडघ्यापर्यंत ओली, धापा टाकत. तिने भिंत शोधली नाही, पाठ फिरवली नाही. डोळे फाडून वर पाहत होती आणि फरहाचा दंड तिने इतका दाबून धरला होता की त्याचे वळ पुढे बरेच दिवस राहिले.

बुधरीचा पाय तणसाला लागला.

"कापड सोड," अख्तरी ओरडली आणि पुढे होऊन तिने पोरीला कमरेला धरून बाजूला ओढलं. बुधरीच्या मुठीतून लुगडं निसटता निसटता त्याला जरासा ताण बसला. वर काहीतरी सरकलं. निळी दोरी, लाल लुगडी, सगळं भदकन खाली येऊन तणसावर पडलं, जिथे ती एवढ्यात उभी होती तिथे.

टाळ्या सुरू झाल्या, शिट्ट्या, आरोळ्या. गावाला वाटलं, शेवटी कापड पाडायचं हाही नाचाचाच भाग. बुधरीलाही तसंच वाटलं असावं. ती हसत फरहाच्या पाया पडली. अख्तरी खाली बसून मोठ्याने रडू लागली, तेव्हा मात्र जवळच्या दोन-चार बाया घाबरल्या.

लच्छूने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याने दोरी उचलली, हातात उलटीसुलटी केली, वर मोकळ्या फांदीकडे पाहिलं. दोरीला आता गाठ नव्हतीच.

"म्हणजे माही बांधलेली चांगली होती?" त्याने विचारलं.

"हो लच्छूभाऊ," फरहा म्हणाली. "तुमचीच चांगली होती."

तो दोरी गुंडाळत राहिला, हाताला लागेल ते काम करावं तसा. फरहाला वाटलं, याने आता आपल्याला शिव्या द्याव्यात, एक मुस्काटात द्यावी. पण तो पाहुणीला काय बोलणार?

तिने पुन्हा माईक घेतला. "आयका. माह्या व्हिडिओतली गाठ चुकीची हाये. कोणी बांधली असन तं सोडून टाका. पोरगी मरता मरता वाचली आज." निवेदकाला मंडईच्या रंगाचा बेरंग नको होता. त्याने हसत माईक काढून घेतला, "ताईसाठी जोरदार टाळ्या!" म्हणाला, आणि पुढच्या रेकॉर्ड डान्सचं नाव पुकारलं. गाणं पुन्हा सुरू झालं. कडं फुटलं, लोक भज्यांकडे वळले.

असू दे, फरहाने मनाला समजावलं. धडा सकाळीच काढून टाकलाय. आता तो कोणाला दिसणार नाही. बुधरी वाचली, संपलं. तिने अम्मीला उठवलं, डोळे पुसायला ओढणीचं टोक दिलं.

तेवढ्यात शाळेच्या निळ्या ड्रेसमधली एक मुलगी लाजत लाजत जवळ आली. नाव दुर्गा, शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे पलीकडच्या वस्तीवरची. तिच्या हातात काच तडकलेला फोन होता.

"ताई, आमी पण शिकून राह्यलो," ती म्हणाली. "आमच्यापाशी पण हाये तुमचा व्हिडिओ."

"तो नाई राह्यला आता. मी काढून टाकला."

"नाई ताई, हाये ना. आमच्या ग्रुपवर आला होता. साऱ्या पोरीईपाशी हाये." दुर्गाने फोन पुढे केला. सुरुवातीचं सारं कापलेला तुकडा होता, ना नाव, ना पत्ता. नुसती शिडी, दोरी आणि फरहाचे दोन हात.

"तुमी कुठी बांधला?" अख्तरीने विचारलं.

"गोठ्यात, आढ्याले. मी आली तवा माही धाकटी बहीण वर चढूनच राह्यली होती. मी म्हणलं मंडईले चाल, तं म्हणे नाई, मले आज फेकी जमवाची हाये."

फरहाने तिचं मनगट पकडलं. "टोला कुठी हाये तुमचा? कोणत्या बाजूनं?"

दुर्गाने नाल्याच्या पलीकडे, जंगलाकडे हात केला. अख्तरी चपला तिथेच टाकून त्या दिशेने चालू लागली होती. फरहा दुर्गाला ओढत तिच्या मागे धावली. दुर्गाच्या दुसऱ्या हातातला फोन सुरूच होता, आणि गर्दी मागे पडली तसा त्यातला आवाज स्वच्छ ऐकू येऊ लागला.

"भेऊ नका पोरीहो," फोनमधली फरहा हसून सांगत होती, "मी हाओ ना."